दादाचा गार्ड

लिफ्ट नीट चालत असली की ती चालवत ठेवणाऱ्याची आठवण कुणालाही येत नाही. बंद पडली, की मात्र तो अख्ख्या इमारतीचा गुन्हेगार. जिन्यानं धापा टाकत वर आलेल्या बायका, कार्यालयाला उशीर झालेले साहेब, कुत्र्याला फिरवून आणणारे आजोबा, सगळे त्याला ऐकवून जातात. अशी बोलणी खातखातच आपल्या या गृहस्थाचं अर्धं आयुष्य गेलं. अंगानं किरकोळ, नाकाच्या शेंड्यावर राग, आणि नखांत काळं ग्रीस, जे साबणानं, रॉकेलनं किंवा बायकोच्या टोमण्यांनीही कधी निघालं नाही.

कंपनीत त्याला 'आधी-बघ' म्हणायचे. नोकरीला लागला त्याच वर्षी त्याच्या डोळ्यांदेखत एक जोडीदार मजल्यावरचं दार उघडं दिसलं म्हणून आत पाऊल टाकायला गेला. दार उघडं होतं, पण लिफ्ट वरच्या मजल्यांवर कुठेतरी होती. माणूस खाली खड्ड्यात पडला. वाचला, पण नंतर कधी सरळ चालला नाही. तेव्हापासून याचा नियम झाला. कुठलंही दार उघडं दिसलं की थांबायचं, आत बॅटरीचा झोत टाकायचा, मोठ्यानं 'आधी बघ' म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा. घरच्या न्हाणीघराचं दार उघडतानाही त्याच्या तोंडून ते शब्द निसटायचे. बायको म्हणायची, "बघा बघा, बादली आहे का पळाली."

पण त्याचं खरं नाव म्हणाल, जे ऐकल्यावर तो आतून 'ओ' द्यायचा, ते बारक्या. तसं त्याला हाक मारणारा जगात एकच माणूस होता, आणि गेली काही वर्षं त्या माणसाशी याचं बोलणं नव्हतं.

तो माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दादा दुसऱ्या शहरात राहायचा, जिथे हे दोघं वाढले तिथेच, वडिलांचं शिवणकामाचं दुकान सांभाळून. गिऱ्हाईक त्याला मास्तर म्हणायचं. दादा डावखुरा. त्याच्यासाठी वडिलांनी खास उलट्या धारेची कात्री मिळवून आणली होती, आणि त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. गळ्यात टेप, कानावर खडू, तोंड बंद. कापड कसंही घसरतं असो, कुणाचं पोट कितीही पुढे आलेलं असो, मास्तरांची कात्री एकदा चालली की चालली. दुकानाच्या वर दोन खोल्या, तिथे दादा आणि वहिनी. मूलबाळ नाही. त्याबद्दल कुणी खोदून विचारलं तर दादा म्हणायचा, "बाही जरा आखूडच ठेवू का?" आणि विचारणारा वरमून हात पुढे करायचा.

वाईट बातमी पोटात ठेवायची हा दादाचा जन्माचा स्वभाव. लहानपणी वडिलांचा मार खाल्ला तरी आईला म्हणायचा, पडलो. दुकानाचं भाडं वाढलं, मशीन मोडलं, स्वतःला ताप भरला, काहीही झालं तरी विचारल्यावर एकच उत्तर: बरं आहे. बारक्या नेमका याच्या उलट. त्याला ठेच लागली तर गल्लीला कळायचं.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसायचा तो खेळात. दुकानाच्या शेजारी तेव्हा मारामारीच्या खेळाचं एक मशीन असलेली खोली होती. दोघं शाळेतून परस्पर तिथे जायचे. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात, घड्याळ सुरू होतं आणि ज्याचा जीव आधी संपतो तो हरला, इतका साधा खेळ. बारक्या नेहमी लांब वेणीची एक चपळ पोरगी घ्यायचा, काठी फिरवत उड्या मारणारी. दादा घ्यायचा तो एक टकला, जाडजूड म्हातारा, ज्याला बाकी कुणी ढुंकून बघत नसे. आणि खेळायचा कसा, तर खेळायचाच नाही. गार्ड धरून उभा राहायचा.

गार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. डाव्या हाताच्या बोटाखाली एक बटण असतं. ते दाबून धरलं की टकल्या दोन्ही हात तोंडापुढे घेतो, आणि मग त्याच्यावर काय वाट्टेल ते आदळा, त्याला लागत नाही. पण दाबून म्हणजे दाबूनच धरायचं. बोट ढिलं पडलं की हात खाली. हा गार्ड फोडायलाही वाट असते. टकल्याच्या पायाशी एक पिवळी पट्टी दिसते. जवळ जाऊन न थांबता मारत राहिलं की ती झिजते, आणि ती संपली की गार्ड फुटतो. मग समोरचा क्षणभर हात लोंबकळत, डोळे फिरवत, चक्कर आल्यासारखा उभा राहतो, आणि त्या क्षणात त्याचं जे करायचं ते करून घ्यायचं.

बारक्याला तो क्षण दादाच्या बाबतीत कधीच मिळाला नाही. पट्टी अर्धी झिजली की दादा मुद्दाम हात खाली करायचा. हा हावरटासारखा उडी घ्यायचा, दादा अलगद एक पाऊल मागे सरकायचा, आणि याची उडी हवेत असतानाच टकल्याचा एकच दणका. वेणीवाली आडवी. दादा खळखळून वगैरे हसायचा नाही. फक्त म्हणायचा, "बारक्या, उघडं दिसलं म्हणून लगेच घुसू नये." पुढे लिफ्टच्या धंद्यानं याला तेच शिकवलं, पण शिकवणारा पहिला मास्तर दादाच होता.

मोठेपणी मशीनची खोली गेली, खेळ घरच्या टीव्हीवर आला, आणि बारक्या नोकरीसाठी शहर सोडून गेल्यावर इंटरनेटवरून सुरू झाला. दोन शहरांत दोन भाऊ, कानाला माईक, आणि संध्याकाळी दुकान बंद झालं की मारामारी. खेळातली नावं दोघांनी तेव्हाच घेतली होती: मास्तर आणि बारक्या. लग्नाच्या नव्या दिवसांत बायकोला वाटलं होतं, नवरा रोज संध्याकाळी कुणाशी इतकं भांडतो? मग वहिनींशी फोनवर बोलताना कळलं की तिकडेही हेच.

आणि मग आई गेली.

आई दादाकडेच असायची. तिचं दुखणं वाढलं तेव्हा बारक्या कंपनीच्या मुख्य कचेरीत सुरक्षा-परवान्याच्या परीक्षेला गेला होता. ती परीक्षा पास झाल्याशिवाय पुढची पायरी नव्हती, आणि आधी एकदा तो नापास झालेला. रोज संध्याकाळी फोन करायचा. दादा म्हणायचा, "बरी आहे. तू परीक्षा दे." परीक्षा झाली, पास झाला, पेढ्यांचा पुडा घेऊन थेट दादाच्या घरी पोचला, तर घर माणसांनी भरलेलं आणि आईची खाट रिकामी.

सगळ्या माणसांदेखत तो दादाला नको नको ते बोलला. "तू मला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस. रोज खोटं बोललास. आजपासून मला भाऊ नाही." दादा गळ्यात टेप तसाच ठेवून उभा होता. एक शब्द बोलला असता, चिडला असता, अगदी मुस्काटात दिली असती, तरी भांडण तिथेच मिटलं असतं. वहिनी पुढे झाल्या, "अहो भावजी, आईंनीच..." पण दादानं डावा हात किंचित वर केला आणि त्या गप्प झाल्या. तो हात बारक्यानं पाहिला होता. पण डोकं फिरलेल्या माणसाला असल्या गोष्टींचा अर्थ लावायला सवड नसते.

तिथून बोलणं तुटलं. ना फोन, ना निरोप. बायकोनं मध्यस्थी करून पाहिली, पालथ्या घड्यावर पाणी.

अशीच एक संध्याकाळ, तो कामावरून येऊन टीव्हीसमोर नुसताच बसला होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली: मास्तर तुम्हाला लढतीसाठी बोलावत आहेत. बराच वेळ त्यानं काहीच केलं नाही. अक्षरं गेली. पुन्हा आली. त्यानं माईक काढून बाजूला ठेवला आणि 'हो'चं बटण दाबलं. टकल्या आला, वेणीवाली आली. पलीकडेही माईक बंदच होता. त्या दिवशी बारक्या हरला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला.

मग हे रोजचं झालं. जगात कुठे भाऊ-भाऊ असं वागत असतील का, मला ठाऊक नाही. यांच्यात वाढदिवसाचा साधा फोन नव्हता, पण संध्याकाळची लढत कधी चुकली नाही. दादा आजारी नाही ना, हे त्याला टकल्या पडद्यावर आल्यावर कळायचं. याचं काम उरकायला उशीर झाला तर पलीकडे टकल्या एकटाच उभा राहून वाट बघायचा. बायको म्हणायची, "तुमच्या घराण्यात प्रेम करायची दुसरी काही पद्धत नाही का?" त्यावर तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

त्याच्या मनानं एक गोष्ट घेतली होती, आणि ती त्यानं फक्त बायकोला सांगितली होती. दादाचा गार्ड ज्या दिवशी मी फोडीन, त्या दिवशी मी त्याला फोन करीन. हरलेल्या तोंडानं करणार नाही. आधी टकल्या चक्कर येऊन डुलताना बघीन, मग माईक लावीन आणि म्हणेन, "काय मास्तर?" बायकोनं कपाळाला हात लावला. पण हा हट्टाला पेटला. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या मशीनखोलीत डबा मांडीवर ठेवून मोबाईलवर मोठमोठ्या खेळाडूंच्या लढती बघायचा. खालून मारून लगेच वरून कसं मारायचं, पट्टी झिजवायला कुठला ठोसा चांगला, कुठल्या क्षणी जवळ जायचं. बोटांना सवय व्हावी म्हणून मोकळा असताना पान्ह्याच्या मुठीवर बोटं आपटत बसायचा. जोडीदारांना वाटायचं, याला कसला तरी झटका येतो.

आणि तो सुधारला. खरंच सुधारला. दादाची पिवळी पट्टी आता झिजत पावावर यायला लागली. अजून जरा, असं त्याला रोज वाटायचं.

त्याच सुमाराला टकल्याचं काहीतरी बिनसलं. मधेच त्याचे हात खाली यायचे. परत वर जायचे, परत खाली. दादा असा कधी खेळला नव्हता. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा बारक्या पुढे सरसावून बसला. त्यानं सगळं शिकलेलं विसरून सरळ झेप घेतली. टकल्या मागे सरकला नाही, पण त्याचा उजवा दणका मात्र बसायचा तिथे बसला. वेणीवाली आडवी.

झालं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि याचं तर तोंड लहानपणापासून पोळलेलं. 'नवा डाव काढलाय मास्तरांनी,' तो स्वतःशी म्हणाला. 'आधी बघ.'

दुसऱ्या दिवसापासून त्यानं लांब उभं राहायला सुरुवात केली. समोर टकल्या हात खाली सोडून उभा. अलीकडे वेणीवाली काठी रोखून उभी. कुणीच पुढे जात नव्हतं. घड्याळ संपायचं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं: बरोबरी. पुन्हा लढत, पुन्हा बरोबरी. दादा थांबायला तयार, तर हाही तयार. कधी ना कधी मास्तरांचा धीर सुटेल, ते पुढे येतील, आणि मग आपण. असा याचा हिशेब. आठवडे गेले. टकल्याचे हात आता वर जातच नव्हते. डाव किती लांबवलाय बघा, असं म्हणून याला दादाचं कौतुकच वाटायचं.

एकदा बायको भाजी निवडत मागे बसली होती. ती म्हणाली, "अहो, तो हात खाली टाकून उभा आहे. जा की जवळ."

"तुला नाही कळणार. तोच तर डाव आहे."

"मला तर दमलेला वाटतो."

"पडद्यावरचा माणूस दमत नसतो."

"पडद्यावरच्याचं नाही म्हणत मी," ती म्हणाली.

त्यानं मागे वळून पाहिलं, क्षणभर काहीतरी मनात आलंही असेल, पण तेवढ्यात घड्याळ संपलं आणि तो पुन्हा पुढे वळला. ती निवडलेली भाजी उचलून आत गेली. आता तुम्ही म्हणाल, इतकं कसं कळलं नाही? नाही कळलं. उघड्या दारात पाय टाकायचा नाही हे ज्यानं पोटासाठी शिकून घेतलंय, त्याला सख्ख्या भावाचं उघडं दारही फसवंच दिसतं.

वहिनींचा फोन आला तेव्हा तो एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दोराला तेल देत होता. इतक्या वर्षांनी तो आवाज. "भावजी, या. सांगू नको म्हणाले होते, पण मी आता ऐकायची नाही. त्यांचे हात गेलेत. आता गिळतानाही त्रास होतो. स्नायूंचा आजार आहे, डॉक्टर म्हणतात परतीची वाट नाही." त्यानं विचारलं, "हात कधीपासून?" वहिनी म्हणाल्या, "डाव्यापासून सुरू झालं. आधी कात्री निसटायला लागली."

लिफ्टच्या टपावर बसायची परवानगी नसते. तो बसला.

दुपारच्या गाडीनं तो आणि बायको निघाले. खाली दुकान बंद होतं. वहिनींनी मागच्या दारानं आत घेतलं. कापायच्या टेबलावर कुणाचा तरी कोट खडूनं आखून तसाच राहिला होता. खिळ्याला उलट्या धारेची कात्री टांगलेली, आणि तिच्या मुठींना कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पकड बसेना तेव्हा मूठ जाड करून बघितली होती मास्तरांनी. एकावर एक किती थर दिले होते. बारक्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या कात्रीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

वर दादा आरामखुर्चीत होता, चारी बाजूंनी उशा लावलेल्या. कुडता अंगावर नुसता टांगल्यासारखा. आपल्या मापाचे कपडे ज्याला आयुष्यभर नीट बसले, त्याला आता काहीच नीट बसत नव्हतं. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून यायचे.

"आलास," दादा म्हणाला. "जाड झालास."

"तू बारीक झालास," बारक्या म्हणाला.

"म्हणजे आता बारक्या मी."

बायकोनं तोंडाला पदर लावला. बारक्या खुर्चीशी खाली बसला. काय बोलायचं ते गाडीत सगळं ठरवलं होतं. माफी मागायची, आईचं विचारायचं, तू असा कसा रे म्हणून भांडायचंसुद्धा. त्यातलं एकही आठवेना.

दादानंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काय?"

"हाताचं." दादानं जरा दम घेतला. "एकदा मारायला आलास. मी ठोकलं तुला. मग थांबलास. रोज समोर उभा. उघडा होतो मी, तरी मारलं नाहीस. तेव्हाच हिला म्हटलं. बारक्याला कळलंय. रागावलाय, पण मारत नाही."

वहिनी उशी सारखी करत होत्या. त्या म्हणाल्या, "रोज दुपारपासून वाट बघायचे हो, भावजी. बरोबरी झाली की कोण आनंद. बटणाला इलॅस्टिक बांधून दिलं होतं मी, म्हणजे दाबलेलं राहील. तर काढून टाक म्हणाले. ही लबाडी झाली म्हणाले. आणि म्हणाले, आता गार्ड लागतच नाही, बारक्या आहे समोर."

बारक्या वहिनींकडून दादाकडे वळला. समोर हा माणूस आजारात एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर आनंदात बसलेला, आणि ती गोष्ट मुळात नव्हतीच. होती ती नुसती शंका. मी तुला घाबरून लांब होतो रे, मला वाटलं तू फसवतोयस, हे वाक्य त्याच्या जिभेपर्यंत आलं. दादा त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत इतकी वर्षं न दिसलेलं काहीतरी होतं, अगदी लहान मुलासारखं, की आता हा 'हो' म्हणेल.

"हो," बारक्या म्हणाला. "कळलं होतं."

दादानं डोळे मिटले आणि समाधानानं मान हलवली.

पाणी प्यायच्या निमित्तानं बारक्या स्वयंपाकघरात गेला आणि मोरीशी उभा राहून रडला, आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून. वहिनी मागून आल्या. त्यांना वाटलं, आजारपण बघून रडतोय. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि इतक्या वर्षांचं अडवून ठेवलेलं तेव्हा सांगून टाकलं. आईनंच दादाकडून वचन घेतलं होतं. बारक्या एकदा नापास झालाय, पुन्हा झाला तर खचेल, त्याला कळवायचं नाही. "मी हजारदा म्हटलं, भावजींना खरं सांगा. तर म्हणायचे, आईवर राग धरून तो जगेल कसा? माझ्यावर धरतोय ते बरं आहे."

नळ तसाच वाहत राहिला. वहिनींनीच तो बंद केला.

परत खोलीत आल्यावर दादा म्हणाला, "एक खेळू."

"आता?"

"मग कधी?" दादा म्हणाला. "आणि आज फोड. गार्ड फुटल्यावर टकल्या कसा दिसतो, मी बघितलंच नाही कधी. माझा कुणी फोडलाच नाही."

वहिनींनी टीव्ही लावला. दादाच्या मांडीवर उशी, उशीवर त्याचा कंट्रोलर, आणि त्यावर त्याचे दोन्ही हात उचलून ठेवले. दुसरा कंट्रोलर बारक्यानं आपल्या गुडघ्यावर घेतला. किती वर्षांनी ते एका पडद्यासमोर शेजारी बसले होते. टकल्या आला, हात खाली सोडून उभा राहिला. वेणीवाली आली.

"थांब," दादा म्हणाला. "उघड्याला मारण्यात काय आहे? गार्ड धर माझा."

बारक्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यानं आपला डावा हात लांब केला, दादाचं बोट बटणावर नीट ठेवलं आणि त्यावर आपलं बोट दाबून धरलं. दादाचं बोट थंड होतं, त्यात काही उरलं नव्हतं. पडद्यावर टकल्यानं दोन्ही हात उचलून तोंडापुढे घेतले. दादाच्या घशातून एक आवाज आला, खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाला बघून येतो तसा.

उजव्या हातानं बारक्यानं वेणीवालीला चालवत नेलं. लांबून, हळूहळू, थेट टकल्याच्या अंगाला अंग लागेपर्यंत. इतका जवळ तो कधीच गेला नव्हता. आणि मारायला लागला. एका हातानं भावाचा गार्ड धरलेला, दुसऱ्या हातानं तो फोडत होता. पिवळी पट्टी झिजत चालली. अर्धी झाली, पाव झाली. एकदा त्याचा उजवा हात थांबला. दादा म्हणाला, "मार की, गाढवा," आणि तो पुन्हा मारायला लागला.

पट्टी संपली. काच तडकल्यासारखा आवाज झाला. टकल्याचे हात सुटले, मान लटकली, पाय वाकले आणि तो म्हातारा डोळे फिरवत, पोट हलवत डुलायला लागला.

"असा दिसतो होय," दादा म्हणाला. आणि हसला. त्या आजारात हसणं सोपं नसतं, मधेच ठसका लागतो. ठसका लागला, वहिनी धावल्या, तरी तो हसतच होता. बारक्यानं पुढे मारलं नाही. घड्याळ चालू राहिलं. टकल्याची चक्कर गेली, तो सावरून उभा राहिला. बारक्याचं बोट दादाच्या बोटावर तसंच होतं, म्हणून टकल्यानं पुन्हा गार्ड घेतला.

जन्मभर ज्या क्षणासाठी तडफडला तो असा आला. 'काय मास्तर?' म्हणायचं राहूनच गेलं.

बारक्यानं रजा वाढवून घेतली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. दादाला उचलून खुर्चीत बसवायचा, भरवायचा. अर्धवट राहिलेला तो कोट कुणाचा ते विचारून घेऊन कापड परत देऊन आला. खरं सांगायची संधी त्याला रोज होती. रोज सकाळी तो ठरवायचा, आणि दादानं त्याच्याकडे बघितलं की पोटात ठेवायचा. मग एके दिवशी दुपारी, जेवणानंतर, दादा गेला. या वेळी बारक्या शेजारी होता.

नंतर भेटायला माणसं येत राहिली. गिऱ्हाईकं, शेजारी, कापडवाले. खाली दुकानातच सतरंजी टाकली होती. येईल त्याला वहिनी एक गोष्ट हटकून सांगायच्या, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा जरा उजळायचा. "ह्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण भावजींना इतक्या लांब बसून, नुसत्या खेळावरून कळलं. रक्ताचं नातं ते. समोर हे उघडे दिसायचे, तरी भावजींनी कधी हात उगारला नाही." माणसं बारक्याकडे आदरानं बघायची. तो मान खाली घालून नखांतलं ग्रीस उकरत बसायचा.

शेवटी त्याला ते सहन होईना. गोष्ट पुन्हा सुरू झाली तसा तो मान वर करून म्हणाला, "वहिनी, नाही. मला..."

वहिनी बोलता बोलता थांबल्या होत्या आणि त्याच्याकडे बघत होत्या. खिळ्यावर ती कात्री, टेबलावर खडूच्या पुसट रेषा, आणि त्या बाईपाशी आता उरलेली ही एवढीच गोष्ट. खरं काय ते तिथे आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. बारक्याची बायको चहाचे कप गोळा करत होती. तिनं ट्रे खाली ठेवला, वहिनींच्या शेजारी येऊन बसली आणि आलेल्या माणसांना म्हणाली,

"हो, ह्यांना कळलं होतं. रोज घरी येऊन मला सांगायचे, दादा दमलाय."